तीन खोऱ्यांच्या माथ्यावर

आदली रात्र

वीस वर्षं मी फळ्यावर सह्याद्री काढते आहे. एक जाड उभी रेघ. डावीकडे आखूड फराटे, त्या कोकणातल्या नद्या. उजवीकडे लांब वळणं, त्या गोदावरी, भीमा, कृष्णा. उभ्या रेघेवर लिहायचं ‘प्रमुख जलविभाजक’. मग त्या रेघेतून पूर्वेला एक तिरकी रेघ निघते, तिच्यावर लिहायचं ‘हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांग’, आणि मुलांकडून घोकून घ्यायचं की ही रांग गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी करते. मुलं घोकतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, या दोन रेघा जिथे भेटतात तिथे उभं राहता येतं का?” मी म्हटलं, येतं. पण तिथून काय दिसतं, हे मला सांगता आलं नाही. हरिश्चंद्रगडावर मी कॉलेजात असताना गेले होते. तेव्हा पाहिला होता तो सूर्यास्त. पाणी कुठे वाहतं इकडे लक्षच नव्हतं.

म्हणून हा बेत. बरोबर धाकटा भाऊ आणि अकरावीतली लेक. रतनवाडीतून रतनगड, दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतवरून पाचनई, तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगड, चौथ्या दिवशी पहाटे तारामती शिखर आणि तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरून घरी. तारामतीची उंची साधारण १,४२९ मीटर. दोर, कॅराबिनर काही लागत नाही. पण पाठीवर ओझं घेऊन रोज सहा ते आठ तास चालायचं असतं आणि वाटेत घसारा, शिड्या, कातळटप्पे आहेत, त्यामुळे अशा वाटांना लावतात त्या ‘मध्यम’ या शब्दावर फार विसंबू नये. दोन महिने मी रोज संध्याकाळी आमच्या सात मजली इमारतीचे जिने चढत होते, शेवटच्या पंधरवड्यात पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन. त्याचा उपयोग चढताना झालाच, पण उतरताना त्याहून जास्त झाला.

जानेवारीतली जोडून आलेली सुट्टी. शेवटची कसारा लोकल, स्टेशनाबाहेर ठरवून ठेवलेली जीप. थळ घाट चढून इगतपुरीला आलो तेव्हा मी लेकीला हलवून सांगितलं, “आपण गोदावरीच्या खोऱ्यात शिरलो.” तिने डोळे न उघडता मान हलवली.

पहिला दिवस: रतनवाडी आणि रतनगड

उजाडताना रतनवाडीत उतरलो. भंडारदरा धरणाच्या जलाशयावर धुकं इतकं खाली होतं की पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. अमृतेश्वराच्या देवळात कोणी नव्हतं. शिखरावरची नक्षी खालपासून वरपर्यंत बारीक होत जाते, छोट्या शिखरांच्या रांगा एकमेकींच्या खांद्यावर चढल्यासारख्या. पण मी जास्त वेळ घालवला तो बाहेरच्या पुष्करणीपाशी. चारही बाजूंनी कोनाडे, मधे हिरवट संथ पाणी. इथे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. याच तालुक्याच्या पलीकडे संगमनेरला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. एवढ्या पावसाच्या गावात पाणी साठवायला इतकी देखणी, घडीव वास्तू कोणी बांधावी, याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळालं.

गावातले एक बाबा वाटाड्या म्हणून पाचनईपर्यंत येणार होते. साठीच्या पुढचे, पायात रबरी चपला, खांद्यावर कोयता. मी शाळेत शिकवते हे कळल्यावर मला ‘बाई’ म्हणू लागले ते शेवटपर्यंत. मोठ्या सॅक त्यांच्या घरी ठेवल्या आणि हलक्या पाठीने निघालो.

वाट सुरुवातीलाच एका ओढ्यातून जाते. दगडांवर पाय ठेवत गेलं तर बूटही भिजत नाहीत. “ही प्रवरा,” बाबा म्हणाले. मी थांबले. हीच प्रवरा थोड्या अंतरावर १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणात अडते, मग अकोले, संगमनेर, नेवासे करत टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि पैठणच्या नाथसागरात जाते. तिच्या वाटपावरून वरच्या आणि खालच्या भागांत वाद होतात, कोर्टकचेऱ्या होतात. इथे ती एका ढांगेत ओलांडता येते. लेकीने बूट काढून पाय बुडवले आणि किंचाळून बाहेर काढले, इतकं गार.

पुढे दाट जंगल. सूर्य वर आला तरी वाटेवर ऊन नव्हतं. तासाभरात एक फाटा लागतो. उजवीकडची वाट रतनगडाच्या शिड्यांकडे, सरळ जाते ती कात्राबाईकडे. उजवीकडे वळलो.

शिड्यांबद्दल नवख्यांना सांगण्यासारखं एवढंच आहे: हातमोजे घालू नका, एका वेळी एकानेच चढा आणि कठड्यावर विसंबण्याआधी तो हलवून पाहा. सकाळी लोखंड बर्फासारखं होतं. लेक सरसर वर गेली. मला दुसऱ्या शिडीच्या वरच्या टोकाला, जिथे शिडी सोडून कातळावर पाय टाकायचा असतो, तिथे थोडं थांबावं लागलं. भावाने वरून हात दिला नाही, नुसतं म्हणाला, “ताई, उजव्या पायापाशी खोबण आहे बघ.” होती. शतकानुशतकं तिथेच पाय पडून गुळगुळीत झालेली.

गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, रत्नादेवीची गुहा. मग वरची टाकी. मला गडावरचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते हे. तट पडतात, वाडे पडतात, टाकी टिकतात. बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेले असतात आणि दोन थरांच्या सांध्यातून पाणी पाझरतं. ज्यांनी ही टाकी खोदली त्यांना भूशास्त्र हा शब्द माहीत नसेल, पण कुठल्या पातळीवर छिन्नी लावायची हे माहीत होतं. नाहीतर एवढ्या उंचीवर, उघड्या कड्यावर, जानेवारीत काठोकाठ पाणी राहिलं नसतं. बाबा एकेका टाक्यापाशी वाकून ओंजळभर पाणी घेत, वास घेत आणि टाकून देत. चौथ्या टाक्यापाशी प्यायले. “हे घ्या.” मी ओढणी चौपदरी करून बाटलीच्या तोंडावर धरली. कापडावर बारीक हिरवे तंतू आणि दोन-तीन पाणकिडे राहिले. खाली आलेलं पाणी नितळ होतं, तरी त्यात क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबलो. हे चुकवू नये.

नेढ्यात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. माथ्यावरच्या कातळात आरपार भोक आहे, घरातली माणसं ओळीने बसू शकतील एवढं. वारा त्यातून सतत वाहतो. पाठ भिंतीला लावून बसलं की डावीकडे कोकण आणि उजवीकडे देश. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्या बाजूला कळसूबाई, १,६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच. खाली घाटघरचं पाणी चमकत होतं. तिथे विजेची मागणी कमी असते त्या वेळी कोकणातल्या खालच्या तळ्यातलं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की ते खाली सोडून २५० मेगावॉट वीज काढतात. म्हणजे माझ्या फळ्यावरची जी रेघ पाणी कधीच ओलांडत नाही असं मी शिकवते, ती तिथे पाण्याला ओलांडायला लावली आहे. लेकीला हे इतकं आवडलं की तिने वहीत आकृती काढली.

संध्याकाळी रतनवाडीत परत. बाबांच्या घरी तांदळाची भाकरी, उडदाचं घुटं आणि लसणीचा ठेचा. नऊला झोप.

दुसरा दिवस: कात्राबाईची खिंड

साडेपाचला टॉर्चच्या उजेडात निघालो. आजची चाल सगळ्यात लांब होती आणि आजच माझी चूक झाली.

नकाशात खिंडीच्या अलीकडे एक निळी रेघ होती. मी हिशोब केला की तिथे पाणी भरता येईल, मग सुरुवातीपासून तीन-तीन लिटर का वाहायचं? माणशी दोन लिटर भरलं. बाबांना विचारलंही नाही. नकाशावर वीस वर्षं विश्वास ठेवायची सवय.

कालच्या फाट्यावरून सरळ गेलो. काल जंगल दाट वाटलं होतं, आजचं त्याहून दाट. दोन्ही बाजूंना कारवी डोक्याच्या वर, वाट म्हणजे तिच्यातली फट. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. आता नुसत्या वाळक्या काठ्या होत्या, अंगाला घासून कुरकुरणाऱ्या. मधे मधे हिरड्याची मोठी झाडं. बाबा सांगत होते, हिरडा गोळा करून विकणं हा इथल्या घरांचा मोठा आधार. झाडं वाटून घेतलेली असतात, कोणाचं कुठलं ते सगळ्यांना पाठ असतं. हा सगळा टापू १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे काय तोडायचं आणि काय नाही याचे नवे नियमही त्यांना पाठ करावे लागले.

साडेनऊला निळी रेघ आली. पांढरे गोटे, वाळलेली पानं आणि एका खळग्यात वीतभर काळं डबकं, त्यावर वानरांच्या पायांचे ठसे. पाणी नव्हतं. तिघांत मिळून जेमतेम तीन लिटर उरलं होतं. खिंड अजून वर होती, पुढे उघडं पठार आणि कुमशेत दुपारपर्यंत येणार नव्हतं. लेकीने नुकतीच बाटली तोंडाला लावली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने झाकण लावलं. मला फार वाईट वाटलं.

मी बाबांना सांगितलं की माझा अंदाज चुकला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाई, नकाशा पावसाळ्यात काढला असंल. पानी हाये, पर थांबावं लागंल.”

वाट सोडून कड्याच्या पायथ्याशी पन्नास-साठ पावलं आत नेलं. तिथे कातळाचा एक थर बाहेर आलेला, त्याच्या खाली तांबूस मातीसारखा मऊ थर आणि दोहोंच्या मधे शेवाळाची ओली पट्टी. तिला धार म्हणता येणार नव्हतं, नुसता ओलावा. बाबांनी कोयत्याने एक रुंद पान तोडलं, मधली शीर ठेचून त्याची पन्हळ केली, देठाकडची बाजू फटीत खुपसली आणि वरून चिमटीभर माती दाबून बसवली. क्षणभर काही झालं नाही. मग पानाच्या टोकाला एक थेंब जमला, लांबला, सुटला. त्याच्या मागे दुसरा. मग थेंबांमधलं अंतर कमी होत होत दोऱ्याएवढी धार झाली. बाटली खाली धरली. एक लिटर भरायला नऊ मिनिटं लागली, मी घड्याळ लावून पाहिलं. पाच लिटरला पाऊण तास गेला आणि तो पाऊण तास आम्ही कोणी काही बोललो नाही. बाटलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ती भरत जाईल तसा बदलतो, जाडाचा हळूहळू बारीक होतो. लेक डोळे मिटून तो ऐकत होती आणि भरत आली की आधीच सांगायची.

निघताना बाबांनी पान काढून टाकलं नाही. “पाखरं पितील.”

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. शेंदूर लावलेले दगड, नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या. बाबांनी चपला काढल्या, आम्ही बूट. वर बघितलं की कात्राबाईचा कडा मान मोडेपर्यंत उभा. इथे मला जे हवं होतं ते पहिल्यांदा मिळालं. ज्या बाजूने आलो तिथला पाऊस प्रवरेला जातो. समोरच्या उतारावरचा मुळेला. मुळेचा उगम रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधल्या याच डोंगरांत. दोन्ही नद्या इथे पाठीला पाठ लावून निघतात, अख्खा तालुका दोन अंगांनी ओलांडतात आणि नेवाशाजवळ एकमेकींना मिळतात. खिंडीत उभं राहून मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवला. भावाने फोटो काढला. मला तो सातवीतल्या मुलीला दाखवायचा आहे.

उतार वाईट आहे. घसारा, सुटी माती, पायाखालून निसटणारे खडे आणि आधाराला हात घालावा तर काटेरी झुडपं. काठी असेल तर ती इथे कामाला येते. पावलं आडवी टाकायची, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, घाई करायची नाही. भाऊ एकदा घसरून बसला आणि तळहात सोलवटला. बाकी काही नाही. खाली पठारावर आलो तर ऊन डोक्यावर, गवत सोनेरी होऊन मोडलेलं, सावलीला झाड नाही. भरलेल्या पाच लिटरमधले तीन तिथेच संपले.

कुमशेतला विहिरीवर तीन बायका होत्या. आम्हाला बघून एकीने न विचारता पोहरा पुढे केला. विहिरीचं पाणी खूप खाली गेलं होतं. मी विचारलं, कधीपर्यंत पुरतं? “होळीपतोर. मंग झिऱ्यावर जायाचं. रातीचं नंबर लावून बसावं लागतं.” एवढा पाऊस पडतो इथे, मी म्हटलं. त्यातली म्हातारी हसली. “पडतो नि पळतो.”

पावसाचं माहेरघर आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी रात्र जागवायची. इथल्या डोंगरावर माती पातळ, उतार उभा, खडक घट्ट. पाणी मुरायला जागाच नाही. ते धावत सुटतं आणि धरणात जाऊन थांबतं, खालच्या शेतांसाठी. पुष्करणी कशासाठी, टाकी कशासाठी, हे मला त्या विहिरीवर कळलं. आणि असंही वाटलं की ज्या गावांच्या डोक्यावर हा पाऊस पडतो त्यांच्या वाट्याला त्यातला एक छोटा तलाव तरी बारमाही यायलाच हवा. हे मी आता वर्गातही सांगणार आहे.

पाचनईला दिवेलागणीला पोचलो. बाबा तिथल्या नातेवाइकांकडे थांबले. निरोप घेताना लेक त्यांच्या पाया पडली.

तिसरा दिवस: पाचनईहून गडावर

हरिश्चंद्रगडाची ही सगळ्यात सोपी वाट. सकाळी आठला निघून साडेदहाला वर. मधे एका प्रचंड बाहेर झुकलेल्या कड्याच्या पोटातून जावं लागतं, तिथे कठडे आहेत, पुढे मंगळगंगेचं पात्र ओलांडायचं. सुट्टीमुळे गर्दी बरीच होती.

देवळाबद्दल किती लिहावं? एकाच दगडात कोरल्यासारखं वाटणारं शिखर, आवारातल्या गुहा, चांगदेवांचं नाव असलेले शिलालेख. मी सप्ततीर्थ पुष्करणीच्या काठावर बराच वेळ बसले. मग केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढं पाणी, मधे मोठी पिंडी, भोवती चार खांबांपैकी एकच उभा. चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा पडला की जग बुडणार, असं लोक सांगतात. भाऊ पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालून आला. ओठ निळे पडले होते, पण चेहरा लख्ख. मी काठावरूनच हात जोडले. एकच खटकलं: काही जण पुष्करणीच्या पायऱ्यांवर साबण लावून तोंड धूत होते. इथलंच पाणी ओढ्यातून पाचनईत प्यायला जातं. मी जाऊन सांगितलं. दोघांनी ऐकलं, एकाने मान फिरवली.

दुपारी तंबू लावून झोप काढली आणि चारला कोकणकड्यावर गेलो.

कोकणकडा नुसता उभा नाही, आत वळलेला आहे. नागाच्या फण्यासारखा, अर्ध्या वाटीसारखा. रेलिंगच्या आत पोटावर पडून फक्त डोकं पुढे केलं तर खालचा कडा दिसतच नाही, थेट कोकणातली झाडं आणि वाड्या दिसतात, भाताच्या खाचरांचे तुकडे, एक पांढरी वाट. डावीकडे नाफ्त्याचा सुळका. पावसाळ्याच्या अखेरीस, मागे सूर्य आणि समोर दरीत ढग असेल, तर इथे पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते दिसल्याचं सांगतात. जानेवारीत ढग नाही, ते दिसणार नव्हतं आणि मला त्याची हुरहूरही नव्हती. मी या कडेसाठी आले होते. माझ्या पोटाखालचा दगड गोदावरीचा आणि हनुवटीच्या पुढची हवा अरबी समुद्राची.

लेकीला मी हे सांगत होते. ती म्हणाली, मग आपण थोडं पाणी समुद्राला देऊ या. तिने बाटलीचं झाकण भरून पाणी घेतलं, हात लांब केला आणि ओतलं. पाणी हातभर खाली गेलं आणि दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याने ते उचललं, फोडलं आणि तुषार होऊन आमच्याच तोंडावर आणून टाकलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मान्सूनचा वारा याच कड्यावर येऊन वर उचलला जातो, थंड होतो, त्यातली वाफ पाणी होते आणि माथ्यावर कोसळते, म्हणून पाच हजार मिलिमीटर. हे मी किती वेळा शिकवलंय. प्रतिरोध पर्जन्य. आकृती काढा, बाण दाखवा, तीन गुण. तो बाण गालावर लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ म्हणाला, “ताई, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, वारा आहे.

सूर्य बुडेपर्यंत कड्यावर सगळे गप्प झाले होते. इतकी माणसं, पण शांत.

चौथा दिवस: तारामती आणि परतीची वाट

पाचला उठलो. तंबूच्या कापडावर आतून दव. देवळामागून तारामतीची वाट चढते, पाऊण तासाची. आधी झाडीतून, मग उघड्या गवताळ उतारावरून, शेवटी कातळ. तिसऱ्या दिवसाचा थकवा पोटऱ्यांत होता, त्यामुळे मी मोजून चालले: पन्नास पावलं, दहा श्वास. अंधारात उंची कळत नाही, हे बरं असतं. झाडी संपली तेव्हा वाऱ्याने टोपी उडवली, त्यावरून कळलं की माथा जवळ आला.

वर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती तांबडी रेघ. आम्ही एका दगडाच्या आडोशाला बसलो. लेकीने थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि आधी मला दिला. मग उजेड येत गेला, आणि जमीन एकेक घडी उलगडल्यासारखी दिसायला लागली.

उत्तरेला आम्ही आलो ती सगळी वाट. रतनगड, कात्राबाईचा कडा, आजोबा पर्वत आणि सगळ्यांच्या मागे कळसूबाईचं टोक. त्या सगळ्या घळ्यांतलं पाणी मुळेला, प्रवरेला, गोदावरीला. पश्चिमेला कोकण, अजून सावलीत, निळं. तिथलं पाणी काळू, उल्हास करत अरबी समुद्राला. आणि दक्षिणेला पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी, पहिल्या उन्हात पितळेच्या परातीसारखं. ते कुकडीचं खोरं. कुकडी घोडेला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला. अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा याच गडापाशी येतात, ते उगाच नाही. फळ्यावरच्या दोन रेघा इथे भेटतात. इथून पूर्वेला निघालेली रांग बालाघाट होऊन मराठवाड्यात जाते. एकाच ढगातला पाऊस या माथ्यावर तीन ठिकाणी पडला तर एक थेंब आंध्रात राजमहेंद्रीजवळून वाहील, दुसरा विजयवाड्याजवळून, आणि तिसरा दोन-तीन दिवसांत आमच्या घराजवळच्या खाडीत येईल.

मी हे बोलून दाखवलं. लेक एकेका दिशेला बोट करत नद्यांची नावं म्हणत गेली, खालून वर, कृष्णा, भीमा, घोड, कुकडी. एकही चुकली नाही. मी तिला कधी पाठ करून घेतली नव्हती.

आठला खाली आलो, तंबू आवरला, सगळा कचरा सॅकमध्ये भरला आणि तोलार खिंडीच्या वाटेला लागलो. ही वाट चढणाऱ्याचा दम काढते ती सात टेकड्यांमुळे. उतरताना त्या तितक्या जाणवत नाहीत, पण खिंडीच्या वरचा कातळटप्पा जाणवतो. कठडे रोवलेले आहेत, तरी खाली तोंड करून उतरू नये. कातळाकडे तोंड, तीन ठिकाणी आधार, मग चौथा हलवायचा. खालून एक मोठा गट वर येत होता, त्यांच्यासाठी आम्ही वीस मिनिटं बाजूला थांबलो. त्यांच्यातल्या एका काकूंनी विचारलं, “वर पाणी आहे का हो?” मी त्यांना कुठल्या टाक्यातलं घ्यायचं, कसं गाळायचं ते सगळं नीट सांगितलं.

खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे, झिजून मांजराएवढा सौम्य झालेला. तिथून जंगलातून खिरेश्वर. नागेश्वराचं देऊळ धावतं पाहिलं, छतावरचं कोरीव काम पाहायला पुन्हा यायला हवं. मग धरणाच्या भिंतीवरून खुबी फाट्यापर्यंत ती लांबलचक सपाट चाल, भर दुपारी. चार दिवसांतलं सगळ्यात कंटाळवाणं अंतर. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेतं, मागे वळून पाहिलं की तारामती.

कल्याणची एसटी पाऊण तासाने आली. बसायला जागा मिळाली. माळशेज घाटाच्या वळणावर कोकण खाली उघडलं तेव्हा लेक खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. डोळे न उघडता म्हणाली, “आई, आता उल्हास ना?”

“हो,” मी म्हटलं.

मुरबाड आलं तेव्हा ती गाढ झोपली होती. तिच्या मांडीवरच्या बाटलीत झिऱ्याचं पाणी बोटभर उरलं होतं.